मुक्या रुग्णाची कैफियत

१. प्रचलित मत आणि त्याचा उथळपणा

बालरोगचिकित्सकाच्या कर्तृत्वाविषयी आपल्या समाजात दोन मते रूढ आहेत, आणि ती वरकरणी परस्परविरुद्ध भासली तरी त्यांचे मूळ एकच आहे. पहिले मत व्यवहारी माणसाचे. डॉक्टरने आजारी मूल तपासावे, औषध द्यावे, गरज पडल्यास वॉर्डात दाखल करून घ्यावे आणि बरे झाले की घरी धाडावे. त्या मुलाचे घर कसे आहे, त्याला सांभाळते कोण, त्याच्यासारखी आणखी किती मुले त्या वस्तीत आहेत, याची विचारपूस समाजसेवकांनी, सरकारी खात्यांनी आणि फार तर निवृत्तीनंतर वेळ न जाणाऱ्या डॉक्टरांनी करावी. दुसरे मत भाविक माणसाचे. रुग्णालयाचा उंबरा ओलांडून बालकल्याणाच्या प्रश्नांत शिरणारा डॉक्टर त्याला संत वाटतो. त्याने चालत्या व्यवसायावर तुळशीपत्र ठेवले असे मानून तो त्याला हार घालतो, त्याच्यावर गौरवांक काढतो आणि त्याच्या संशोधनातील एकही तक्ता न वाचता त्याला वंदनीय ठरवून मोकळा होतो. एकाच्या लेखी ते काम जोडधंदा, दुसऱ्याच्या लेखी त्याग. ते वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे आहे, याबद्दल मात्र दोघांचेही एकमत असते.

हे एकमतच मला चुकीचे वाटते. बालकांच्या बाबतीत कल्याणविषयक संशोधन हा चिकित्सेचाच उत्तरार्ध आहे, आणि जो चिकित्सक तो उत्तरार्ध टाळतो त्याचे समोरच्या खाटेवरील मुलाचे निदानही चुकते, असे माझे प्रतिपादन आहे. त्याच्या सिद्धतेसाठी मी मुख्यतः एका डॉक्टरचे आयुष्य घेतो : अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगचिकित्सक सी. हेन्री केम्पी. त्यांचे नाव आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांबाहेर फारसे कोणी घेत नाही. त्यांची निवड मी ते थोर होते एवढ्यासाठी केलेली नाही. त्यांच्या कार्यात जसे माझ्या मताला बळकटी देणारे पुष्कळ आहे तसेच त्या मताची परीक्षा पाहणारेही पुष्कळ आहे, आणि दुसऱ्या प्रकारचा पुरावा हाताशी असल्यावाचून वादाला उतरू नये.

२. रुग्ण एक, जबानी दुसऱ्याची

प्रौढ माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दुखणे त्याचे असते आणि त्याची हकिकतही तोच सांगतो. बालरुग्णाच्या बाबतीत ही एकवाक्यता पहिल्या पावलालाच तुटते. पोट मुलाचे दुखते आणि बोलते आई. हाड मुलाचे मोडते आणि ते कसे मोडले हे सांगतो बाप. ज्वर, अतिसार, खोकला अशा बहुसंख्य प्रसंगी यात बिघडत काहीच नाही. उलट आईची जबानी ही प्रौढ रुग्णाने स्वतःविषयी दिलेल्या माहितीपेक्षा पुष्कळदा अधिक अचूक असते, हे कोणताही जुना बालरोगतज्ज्ञ कबूल करील. परंतु ही सारी पद्धत एका गृहीतावर उभी आहे : जो साक्षीदार आहे तो पक्षकार नाही. हे गृहीत ज्या दिवशी खोटे ठरते त्या दिवशी चिकित्सकापुढे एक बोलका आरोपी आणि एक मुका फिर्यादी उभा असतो, आणि केसपेपरवर लिहिली जाते ती आरोपीची कैफियत.

या प्रसंगाचे ठरावीक रूप असे. मध्यरात्री अपघात विभागात आठ-दहा महिन्यांचे मूल येते. मांडी सुजलेली आहे, हात लावताच ते किंचाळते. कशाने झाले, असे विचारल्यावर पाळण्यातून पडले असे उत्तर मिळते. कधी पडले याला आईचे उत्तर निराळे आणि आजीचे निराळे. सोळा-सोळा तास उभा असलेला निवासी डॉक्टर ‘पाळण्यातून पडल्याचा इतिहास’ एवढे तीन शब्द लिहितो, क्ष-किरण काढायला सांगतो, आणि हाड बसवले की प्रकरण अस्थिरोग विभागाच्या दप्तरी जमा होते. यात त्या डॉक्टरने काही अधर्म केला असे नाही. त्याला हेच शिकवले गेले आहे की इतिहास पालकांकडून घ्यावा.

मुलांना घरातच मारहाण होऊन ती मरतात, ही गोष्ट वैद्यकाला ठाऊकच नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. पॅरिसच्या न्यायवैद्यकाचे आचार्य आंब्रवाझ तार्दिय यांनी १८६० साली अशा ३२ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. म्हणजे विसावे शतक उजाडताना ज्ञानही होते आणि साधनही होते. तरीही बालरोगशास्त्राने या विषयाकडे जवळजवळ शंभर वर्षे पाठ फिरवली. कारण तार्दिय यांच्यापुढे मुले आली ती मुख्यतः शवविच्छेदनाच्या मेजावर, आणि तिथे मुलाची हकिकत सांगायला पालक उभे नव्हते. जिवंत मुलाच्या खाटेशी पालक असतात, फी तेच देतात, आभार तेच मानतात, आणि पुष्कळदा ते डॉक्टरच्याच थरातले, डॉक्टरसारखेच बोलणारे असतात. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवणे हा डॉक्टरला सभ्यतेचा भंग वाटला. त्याच्या दृष्टीच्या आड आला तो हा मुलाहिजा.

३. हाडांनी दिलेली साक्ष

ही कोंडी प्रथम फोडली ती क्ष-किरणांच्या काळोख्या खोलीत बसलेल्या माणसाने, हा योगायोग नव्हे. तिथेही पालक हजर नसतात. न्यूयॉर्कचे जॉन कॅफी हे मूळचे बालरोगचिकित्सक, पुढे क्ष-किरणशास्त्राकडे वळलेले. १९४६ साली त्यांनी सहा अर्भकांची हकिकत प्रसिद्ध केली. सहांच्याही मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेले होते, आणि त्या सहांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग आढळले. या दुखापतींचा उलगडा होईल असा अपघात पालकांनी सांगितलेला नव्हता. कॅफी यांनी शंका सुचवली, आरोप केला नाही.

ही चित्रे वाचतात कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. मूल उंचावरून पडले तर हाड बहुधा मध्यावर मोडते. परंतु हाडाच्या टोकाशी, जिथे वाढ होत असते तिथला बारीकसा कोपरा उचकटला गेला असेल, तर तो हातपाय धरून पिळल्याची किंवा हिसडा दिल्याची दाट शंका उत्पन्न करतो. आणि जे मूल अजून रांगतही नाही ते स्वतःहून असा हिसडा घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ताज्या भंगाच्या कडा धारदार असतात व भोवती काही दिसत नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी हाडाच्या आवरणाखाली नव्या हाडाची पातळ रेघ उमटते. पुढे ती दाट होऊन गाठीसारखी दिसते. आणि काही महिन्यांत हाड आपला मूळ आकार जवळजवळ परत मिळवते. एकाच मुलाच्या एकाच दिवशी काढलेल्या चित्रांत यांतील एकाहून अधिक अवस्था दिसल्या, तर वाण्याच्या वहीतील निरनिराळ्या तारखांच्या उधाऱ्यांप्रमाणे त्या मुलाच्या हाडांत निरनिराळ्या दिवसांचे आघात नोंदलेले आहेत, आणि एका रात्रीच्या पाळण्याची गोष्ट तिथल्या तिथे कोसळते. फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी १९५३ साली हे अधिक स्पष्ट शब्दांत मांडले.

तरीही काही घडले नाही. निदान उपलब्ध होऊनही ते करण्याचे धैर्य व्यवसायात आले नाही, आणि इथेच केम्पी यांचा प्रवेश होतो.

४. एका खाटेवरून एकाहत्तर रुग्णालयांकडे

केम्पी यांचा जन्म १९२२ साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ शहरी ज्यू कुटुंबात झाला. हिटलरच्या राजवटीत देश सोडावा लागून ते अमेरिकेत आले, कॅलिफोर्नियात वैद्यक शिकले आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९५६ मध्ये, कोलोरॅडो विद्यापीठात बालरोगविभागाचे प्रमुख झाले. त्यांचे मूळ क्षेत्र विषाणुशास्त्र. डेन्व्हरच्या वॉर्डात फेरी मारताना त्यांच्या ध्यानात आले की रक्तस्रावाची प्रवृत्ती, ठिसूळ हाडांचा उपजत विकार अशी दुर्मीळ निदाने काही मुलांच्या केसपेपरांवर लिहिली जात आहेत, आणि त्याच मुलांचे वळ, भाजल्याचे डाग आणि मोडलेली हाडे निराळीच गोष्ट सांगत आहेत. शिकाऊ डॉक्टरांनी जगातील सगळे विरळा रोग चाळून पाहिले होते. घडलेली गोष्ट तेवढी विचारली नव्हती.

इथवर हे कुशल चिकित्सकाचे काम झाले. माझ्या दृष्टीने निर्णायक पाऊल यापुढचे. एका रुग्णालयातील आठ-दहा प्रकरणे घेऊन केम्पी उभे राहिले असते तर ही विकृत माणसांची तुरळक उदाहरणे आहेत असे सांगून व्यवसायबंधूंनी त्यांची बोळवण केली असती. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या रुग्णालयांकडे पृच्छा केली. एकाहत्तर रुग्णालयांकडून उत्तरे आली : एका वर्षात ३०२ मुले, त्यांपैकी ३३ मृत, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. सरकारी फिर्यादींकडे अशीच विचारणा केली तेव्हा ७७ जणांनी ४४७ प्रकरणांची माहिती दिली. त्यांत ४५ मुले मेली होती. जुलै १९६२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा लेख आला. मारहाण झालेल्या मुलाचे हे चित्र त्यांनी एका लक्षणसमुच्चयाचे नाव देऊन मांडले, आणि ते नाव कानाला टोचेल असे मुद्दामच निवडले.

परिणाम विलक्षण झाला. पाच वर्षांच्या आत, १९६७ पर्यंत, अमेरिकेतील सर्व घटकराज्यांनी अशा प्रकरणांची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक करणारे कायदे केले. परंतु मला त्या कायद्यांहून महत्त्वाची वाटते ती निदानपद्धतीतील उलथापालथ. १९६२ च्या आधी डेन्व्हरच्या किंवा मुंबईच्या निवासी डॉक्टरला मांडी मोडलेल्या अर्भकासाठी एकच प्रश्न सुचत होता. आता दोन सुचू लागले. हा दुसरा प्रश्न खाटेशेजारी बसून कितीही निरखून पाहिल्याने निर्माण झाला नसता. एकाहत्तर रुग्णालयांची बेरीज झाली तेव्हा एका मुलाचे निदान शक्य झाले.

५. देवीच्या लशीचा दाखला

केम्पी यांच्या आयुष्यातील एक दुसरे प्रकरण याच मुद्द्याला पुष्टी देते, आणि त्याला भारताचा संबंध आहे. देवीची लस टोचल्यावर इसबाचा विकार असलेल्या काही मुलांच्या सर्वांगावर लशीच्या विषाणूचे फोड उठत आणि त्यांत काही दगावत. अशा मुलांवर उपचार करता करता केम्पी त्यांच्यासाठी प्रतिपिंडयुक्त गॅमा ग्लोब्युलिनच्या अभ्यासाकडे वळले. पुढे देवीच्या रुग्णांच्या सान्निध्यात आलेल्या माणसांना त्याचे संरक्षण मिळते का, याचा अभ्यास त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसमवेत मद्रास येथे केला आणि त्याचा वृत्तान्त १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याने लशीचे बळी हाताळले आणि मद्रासेत देवीही जवळून पाहिली, त्याच माणसाने १९६५ साली अमेरिकेत उभे राहून सांगितले की, या देशात आता देवी उरलेली नाही, लशीने मात्र मुले मरत आहेत, तेव्हा सरसकट लस टोचणे थांबवावे. मद्रासला लस आवश्यक आणि डेन्व्हरला अनावश्यक, हे त्यांना दोन्हीकडची मोजदाद ठाऊक असल्याने सांगता आले. व्यवसायबंधू चिडले, तरी सात वर्षांनी, १९७२ मध्ये, ते टोचणे बंद झाले.

६. जी मुले येतच नाहीत

केम्पी यांच्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे, आणि ती दाखवल्याशिवाय माझा युक्तिवाद पुढे सरकत नाही. रुग्णालयाच्या दारात येणारी मुले मोजून आपण जी संख्या काढतो ती आलेल्या मुलांची असते. न आलेल्या मुलांविषयी ती अवाक्षर बोलत नाही. भागाकाराला छेद लागतो, आणि रुग्णालयापाशी छेद नसतो.

ही अडचण ओळखून तिच्यावर सर्वांत सरळ उपाय केला तो इंग्लंडातील न्यूकॅसलचे जेम्स स्पेन्स यांनी. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेला हा डॉक्टर शहरातील अर्भकांच्या एका लहानशा रुग्णालयात काम करी. इतरत्र पालकांना भेटीच्या ठरावीक वेळेखेरीज वॉर्डात पाऊल टाकू देत नसत, त्या काळात त्याने आजारी मुलाबरोबर आईलाही दाखल करून घेण्याची पद्धत पाडली. तिशीच्या दशकातील मंदीत त्याने गरीब व सुस्थित घरांतील मुलांची तुलना करून कामगारवस्तीतील मुलांचे दौर्बल्य जन्मजात नसून टाळता येण्याजोगे आहे असे दाखवले. आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या मे व जून महिन्यांत न्यूकॅसल शहरात जन्मलेली सगळीच्या सगळी मुले, एकूण ११४२, त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी घेतली. आजारी निवडली नाहीत, गरीब निवडली नाहीत. दोन महिन्यांत जो जन्मला तो वहीत आला. परिचारिका त्यांच्या घरी जात. खोकला, जुलाब, भाजणे, पडणे, बापाची बेकारी, घरातील गर्दी यांची नोंद होई. १९५४ साली त्यावरील ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी स्पेन्स वारले. परंतु त्या मुलांचा पाठपुरावा त्यांच्या मागे कित्येक दशके चालू राहिला. आईला वॉर्डात घेणारा आणि ११४२ मुलांची वही ठेवणारा माणूस एकच होता, हे आमच्या व्यवहारी आणि भाविक अशा दोन्ही मित्रांनी ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात या जातीचे काम झाले ते गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे काम सुरू करून गावोगावच्या जन्ममृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवली. नंतर गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकाचे वजन घेणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे अशा ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. या दोघांपैकी एकही बालरोगतज्ज्ञ नाही, ही गोष्ट आमच्या बालरोगतज्ज्ञांना जरा अधिक बोचायला हवी होती.

७. आक्षेपांची शहानिशा

पहिला आक्षेप : वैद्य हा फौजदार नव्हे. पालक डॉक्टरकडे विश्वासाने येतात. तो खबऱ्या झाला तर ते मूल दवाखान्यात आणणेच बंद करतील. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यात विश्वास कोणाचा हा प्रश्न दडपलेला आहे. बालरोगचिकित्सकाचा अशील कोण? फी देणारा की खाटेवरचा? वकीलपत्र मुलाचे घेतले असेल तर मुलाच्या विरुद्ध पक्षाशी राखलेली गुप्तता ही निष्ठा ठरत नाही. शिवाय केम्पी यांनी पालकांना फासावर चढवा असे म्हटलेच नाही. त्यांच्या आग्रहावरून मनोविकारतज्ज्ञ ब्रँट स्टील यांनी अशा साठ कुटुंबांचा दीर्घ अभ्यास केला, आणि त्यात पुन्हा पुन्हा आढळले ते असे की मुलाला मारणाऱ्या या आईबापांचे स्वतःचे बालपण माराचे आणि उपेक्षेचे होते. केम्पी यांच्या रुग्णालयात बालरोगचिकित्सक, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेविका एकत्र बसून निर्णय घेत, पोलिसी खाक्याने एकटा डॉक्टर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार : या संशोधनाने निरपराध पालकांचा छळ होतो. हे घडलेले आहे. इंग्लंडातील क्लीव्हलंड परगण्यात १९८७ साली अवघ्या काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान दोन बालरोगचिकित्सकांनी केले, मुले घरांतून उचलली गेली, आणि पुढे त्यांतील बहुतेकांना न्यायालयांनी परत घरी धाडले. चौकशी समितीने कडक ताशेरे ओढले. परंतु ही चूक झाली कशी? शरीरावरील ज्या एका चिन्हावर त्या निदानांची बरीच भिस्त होती ते चिन्ह अत्याचार न झालेल्या, निरोगी मुलांत किती प्रमाणात आढळते, याची तोवर कोणी नीट मोजणीच केली नव्हती. छेदाशिवाय भागाकार केला गेला. म्हणजे क्लीव्हलंडचा धडा संशोधन कमी करा असा निघत नाही. स्पेन्स यांनी सर्व मुले वहीत घेतली, तशी सर्व मुले वहीत घेतल्याशिवाय कोणत्याही चिन्हाला पुरावा म्हणू नका, असा निघतो. पालकाचे रक्षण करणारी गोष्टही शेवटी तक्ताच आहे.

तिसरा आक्षेप डाव्या बाजूचा, आणि मला त्यात सर्वांत अधिक तथ्य दिसते. केम्पी यांनी एका सामाजिक दुःखाला रोगाचे नाव दिले, आणि रोग म्हटला की दारिद्र्य, बेकारी, दाटीची घरे हे सगळे नजरेआड होते. राजकारण्यांनाही ते सोयीचे, कारण रोगावर डॉक्टर नेमता येतो, दारिद्र्यावर मात्र पैसा खर्चावा लागतो. अमेरिकेत पुढे खबरींचा पूर आला आणि तपासनीस जास्त करून गरिबांच्याच दारात जाऊन उभे राहिले. केम्पी यांचे म्हणणे असे की मारहाण सर्व थरांत होते; ते खरे आहे, परंतु सर्व थरांत सारख्या प्रमाणात होते असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि या फरकाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते. मात्र हा दोष त्यांनी कल्याणसंशोधनात पाऊल टाकल्याचा नाही. तो अर्ध्यावर थांबल्याचा आहे.

चौथा आक्षेप आपल्या घरचा. आपल्याकडे ओपीडीत एका सकाळी दीडदोनशे मुले येतात. एका मुलाला तीन मिनिटे मिळतात. तिथे संशोधनाला सवड कुठली? आणि आपले कुटुंब म्हणजे पाश्चात्त्यांसारखे विस्कटलेले नव्हे. यातील दुसऱ्या भागाचे उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले गेले. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ. या राज्यांत महाराष्ट्र होता आणि गोवाही होते. अशा पाहणीच्या व्याख्या सैल असतात हे मान्य करून चार आणे वजा केले तरी उरलेले बारा आणे कुटुंबसंस्थेच्या गुणगानात बुडवता येत नाहीत. पहिल्या भागाविषयी एवढेच म्हणतो की दोनशेंची रांग हे संशोधन न करण्याचे सबळ कारण नव्हे. दोनशे मुले रोज समोरून जातात आणि त्यांच्याविषयी आपल्यापाशी एकही भरवशाचा तक्ता नाही, ही विपुलतेतली दरिद्रता आहे.

कायद्याची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४ चा होता. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर लैंगिक अत्याचाराची खबर न देणे हाच गुन्हा ठरवला, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाने ताब्यातील मुलाशी क्रौर्य करणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली. पण कायद्यापुढे मूल आणून कोणी तरी उभे करावे लागते, आणि बोलता न येणारे मूल त्याच्यापुढे उभे राहते ते बहुधा डॉक्टरच्या दाखल्यावरच.

८. निदानानंतरची जबाबदारी

केम्पी यांच्या उत्तरायुष्यातील काम मला १९६२ च्या लेखाहून मोठे वाटते, आणि नेमके तेच कमी गाजले. मोडलेले हाड ओळखणे हा पराभव झाल्यानंतरचा पंचनामा आहे, हे त्यांना पटले होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे प्रत्येक नवजात मुलाच्या घरी जाणाऱ्या आरोग्यभेटीच्या पद्धतीने ते प्रभावित झाले आणि अशी परिचित, सामान्य, शेजारधर्माने वागणारी बाई प्रत्येक घरी जावी, असा आग्रह त्यांनी १९७६ पासून धरला. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रसूतीच्या वेळीच ज्यांना मूल सांभाळणे जड जाईल असे वाटले अशा शंभर मातांपैकी पन्नास जणींना डॉक्टर व घरी येणाऱ्या मदतनिसांचा जादा आधार दिला, पन्नास जणींना नेहमीप्रमाणे सोडले. नेहमीप्रमाणे सोडलेल्या गटातील पाच मुलांना पुढे गंभीर दुखापतींमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. आधार दिलेल्या गटातील एकालाही नाही. आकडे लहान आहेत आणि त्यांवर मनोरे रचू नयेत. परंतु न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी चारशे स्त्रियांवर केलेल्या कसोशीच्या प्रयोगानेही पुढे तीच दिशा दाखवली.

आपल्याकडे ही बाई नव्याने निर्माण करायची नाही. ती आहे. गडचिरोलीच्या प्रयोगातून आलेल्या नवजात बालसेवेच्या कार्यक्रमात २०११ पासून आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते, झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, त्याचा ताप पाहते, आई नीट पाजते का हे विचारते. तिच्या भेटीचा भर बाळाच्या देहावर आहे, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण पाहता तो तसाच असायला हवा होता. आता तिच्या नोंदीत आणखी दोन प्रश्नांची भर घालून पाहावी : रात्री बाळ रडते तेव्हा ते कोण घेते, आणि या महिन्यात आईला घरात कोणी हात लावला का. उत्तरे खरी मिळतील याची शाश्वती नाही. ती विचारायची कशी, लिहायची कुठे आणि कोणाच्या हाती द्यायची, हेही आधी ठरवावे लागेल, नाहीतर आशाताईचे त्या घरात पाऊल टाकणेच बंद होईल. म्हणून हे काम प्रथम एखाद्या तालुक्यात, तुलनेसाठी निम्मी गावे बाजूला ठेवून, बारा महिने करून पाहावे, आणि त्याची जबाबदारी त्या जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाकडे असावी. कारण त्या गावांतील मोडलेली मांडी रात्री दोन वाजता त्याच्याच वॉर्डात येणार आहे.